बंबाचं औक्षण

बोरीवली पश्चिम,
६ एप्रिल २०२५

ती. लवूमामांस,
दिशाचा सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजाऱ्यांना वाटतं आमच्यात भांडण लागलंय. म्हणून हे पत्र. तीस वर्षं बंब चालवून तुमचे कान गेले, त्यापायी निदान भाचीला कागद-पेन हातात धरायची सवय तरी राहिली.

बातमी अशी की आमच्या गल्लीत आता सुरक्षा पथक आहे. तुमच्या जावयाने, म्हणजे नितेशनेच उभं केलं. अठ्ठावीस जण आहोत. प्रत्येकाला नारिंगी जाकीट, शिट्टी आणि गळ्यात फोटोचं कार्ड. हसू नका. मार्चमध्ये आम्ही घरोघरी फिरून आग लागली तर काय करायचं ते दाखवलं. मागच्या बैठ्या चाळीतसुद्धा गेलो. तिथे सरूबाई राहते, नाक्यावर मासे विकते ती गोराईची म्हातारी. ती म्हणाली, "बाय, तू मना चूल शिकवतंस?" तरी मी तिच्याकडून चार वेळा सिलिंडर बंद करून घेतला. आग दिसली की आधी हे, असं बजावलं.

आता मुद्द्याचं. या महिन्यात अग्निशमन सप्ताह असतो हे तुम्हाला मी काय सांगणार! रविवारी २० तारखेला सकाळी अकरा वाजता जवळच्या केंद्रातल्या जवानांचा आम्ही सत्कार करतोय. ते बंब घेऊनच येणार आहेत. ढोल, फुलं, औक्षण, सगळं ठरलंय. प्रमुख पाहुणे म्हणून तुम्हीच या, असं नितेश म्हणतो. मामींनाही घेऊन या.

तुमची,
दिशा

---

कणकवली तालुका,
१२ एप्रिल

चि. दिशास आशीर्वाद.

मी येणार नाही. जावईबापूंना सांग, मामाचे गुडघे दुखतात. तुला खरं कारण सांगतो. सत्कार या शब्दाची मला शिसारी आहे.

घाटकोपरला एकदा चौथ्या मजल्यावर आग होती. जिन्यात एकाने लोखंडी कपाट ठेवलेलं. ते हलवण्यात आमची पोरं भाजली. आठ दिवसांनी त्या सोसायटीने आम्हाला बोलावून शाल आणि नारळ दिला. माझा नारळ त्या कपाटवाल्याच्याच हातून. वर म्हणतो, "तुम्ही होतात म्हणून आम्ही आहोत." तो नारळ मी घरी नेला नाही, गटारात टाकला. तुझ्या मामीने आजपर्यंत त्यावरून मला ऐकवलं आहे, की देवाचं फळ असं कोणी टाकतं का. मला आजही त्याचा पश्चात्ताप नाही.

तुम्हाला खरंच मदत करायची असेल तर सोपं आहे. आगीची वर्दी आली आणि गाडी निघाली की तुमच्यातल्या एकाने नाक्यावर उभं राहून हाताने वाट दाखवायची. बाकीच्या सत्तावीस जणांनी बाजूला व्हायचं. बस. बाजूला होणं हे लोकांना जमत नाही गो. त्यांना काहीतरी करायचं असतं, आणि करताना कोणीतरी बघायला हवं असतं.

सिलिंडरचं दाखवलंस ते चांगलं केलंस. पण आग भडकल्यावर आत जायचं नाही, हेही सांगितलंस ना?

मामीने आमसुलं दिली आहेत, गावच्या माणसाबरोबर पाठवतो.

लवूमामा

---

बोरीवली,
२४ एप्रिल

ती. मामांस सा. न.

कार्यक्रम झाला नाही. झाला असंही म्हणता येईल. लिहायला हात उचलत नाही, पण नितेश म्हणतो, मामांना आजच लिही.

रविवारी अकराला दहा कमी असताना सरूबाईच्या खोलीत विजेच्या बोर्डातून आग लागली. तिच्या सुनेने, माणिकने, फोन केला. बंब आला तो गल्लीच्या तोंडाशी अडीच-तीन मिनिटं थांबून राहिला. तिथे आमचा मंडप होता. ड्रायव्हरने गळ्यात हार घालून घेतला, पेढाही खाल्ला. तेवढ्या वेळात सरूबाई सिलिंडर बंद करायला पुन्हा आत गेली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. जीव वाचला, पण बोटं पहिल्यासारखी होणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. मासे कापणाऱ्या बाईची बोटं, मामा.

लोक खवळले आहेत. ड्रायव्हरचं नाव प्रीतम. तीस-बत्तीसचा असेल. त्याचा हार घातलेला, पेढा खातानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय, तुमच्याकडेही पोचला असेल. पथकाने त्याच्या खात्याकडे लेखी तक्रार केली आहे. मसुदा मी लिहिला, कारण माझं मराठी बरं आहे. त्याची चौकशी लागली आहे.

नितेशची विनंती आहे की तुम्ही जुने ड्रायव्हर म्हणून चार ओळी लिहून द्याव्यात, की वर्दीवर असताना ड्रायव्हरने हारतुरे घेण्यासाठी गाडी थांबवणं हा गुन्हा आहे. तुमच्या शब्दाला वजन येईल.

तुम्ही विचारलं होतं, आत जायचं नाही हे सांगितलं का. आठवत नाही.

दिशा

---

कणकवली,
३० एप्रिल

चि. दिशास,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. शिरा पडो त्याच्या तोंडावर! वर्दीवर असताना पेढा! मी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला म्हातारा, अजून झोपेत पाय ब्रेकवरून उचलतो, आणि हा तरणाताठा पोरगा गळ्यात झेंडू घालून बसला? पुढे आग दिसत असताना? असल्या माणसाला गाडीच्या चाकाला हात लावू देऊ नये. धुवायलासुद्धा.

हवं ते लिहून सोबत जोडलं आहे. सही केली आहे, निवृत्तीचं वर्ष आणि माझा बिल्ला नंबरही घातला आहे. शब्द कडक आहेत, एकही कमी करू नका.

फक्त मला एक कळत नाही. भोंगा चालू होता की बंद? गाडीसमोर कोण होतं? रिकाम्या रस्त्यात गाडी थांबवून पेढा मागणारा ड्रायव्हर मी तीस वर्षांत पाहिला नाही. मोबाईल मी ठेवत नाही, तेव्हा तुझा व्हिडिओ मला दिसणार नाही. तू सविस्तर लिही.

सरूबाईला माझा नमस्कार सांग. ओळख नाही, तरी सांग.

लवूमामा

---

बोरीवली,
१४ मे

ती. मामांस सा. न.

तुमचं पत्र नितेशने पथकाच्या बैठकीत वाचून दाखवलं. "धुवायलासुद्धा" या शब्दाला टाळ्या पडल्या. तक्रारीला जोडलं आहे. प्रीतमला गाडीवरून काढून कार्यालयात बसवलं आहे, पुढच्या महिन्यात सुनावणी आहे.

सरूबाई घरी आली. खोली जळाली, म्हणून शेजारच्या खोलीत राहतात. माणिक मरोळला पॅकिंगच्या कामाला जाते, संध्याकाळी साडेपाचला सुटते. दुपारी म्हाताऱ्या बाईला भरवायला कोणी नाही. म्हणून रोज एक वाजता मी डबा घेऊन जाते. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, उशीवर ठेवलेले. पहिल्या दिवशी तिला लाज वाटली, मग म्हणाली, "बाय, घास बारीक कर, मी काय म्हैस हाय?" आता चांगली जेवते. कालवणात कोकमाचं आगळ कमी पडलं तर तोंडावर सांगते. सगळ्यांना सांगत असते, पथकातल्या पोरींनी मला वाचवलं. नितेशने तिला तसंच सांगितलंय.

तिने त्या दिवशीचं सांगितलं ते तुम्हाला लिहिते. "मी भायेर आलेली बाय. भोंगा ऐकला, म्हटलं आले. मग ढोल वाजाया लागला. भोंगा नि ढोल, भोंगा नि ढोल, नि येत कोनच नाय. आत शिलिंडर. म्हटलं, तू शिकवलंस ना, मग आपनच जावं."

भोंग्याचं तुम्ही विचारलंत ते यात आलंच. ढोलात कोणाला काय ऐकू येणार होतं?

राहिलेला कार्यक्रम जूनमध्ये घेणार आहेत. आता जवानांचा नाही, पथकाचाच. आगीच्या वेळी दाखवलेल्या तत्परतेबद्दल प्रत्येकाला चषक. माझंही नाव आहे.

पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.

दिशा

---

कणकवली,
२० मे

दिशा,

परवा बळवंत आला होता. माझ्याबरोबर नोकरीत होता, मे महिन्यात गावी येतो. त्याच्या मोबाईलवर तो व्हिडिओ होता. मी बघितला. एकदा नाही, अकरा वेळा.

बळवंत म्हणाला, नुसता ढोल ऐकू येतोय, बाकी काही समजत नाही. मला ढोल ऐकू येत नाही. कान गेल्यापासून मी माणसाचं तोंड बघतो. तुझी मामी काय बोलते ते मला तोंडावरूनच कळतं. त्या पोराचं तोंड मी बघितलं. तो "सरका" म्हणतोय. "सरका, सरका, आग आहे, सरका." तोंड शिवीचंही झालं एकदा, ती शिवी मला ओळखीची आहे. त्याचा डावा हात हॉर्नवर दाबलेला आहे. मागून दोघं नळीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन उतरतात, डोक्यावर हेल्मेट, आणि तुमच्या बाया त्यांच्यावर फुलं टाकतात. अगो, सत्कार घ्यायला कोणी हेल्मेट घालून आणि नळी घेऊन येतं का? अठ्ठावीस जाकिटांतल्या एकाच्याही हे डोक्यात आलं नाही?

तुम्हाला वाटलं, पाहुणे जरा लवकर आले. भोंगा वाजवत, थाटात आले.

आणि मग उजवीकडून एक हात येतो. बाईचा. बांगड्या भरलेला. तो त्या ओरडणाऱ्या तोंडात पेढा कोंबतो. व्हिडिओ तिथेच कापला आहे. कोणी कापला?

मला ओकारी आली. खरोखरची, मागीलदारी जाऊन. त्या पोराला मी काय काय लिहिलं! माझ्या सहीने, माझ्या नंबरासकट! तीस वर्षांची नोकरी मी त्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्या हातात देऊन बसलो.

तो हात कोणाचा आहे?

लवू

---

बोरीवली,
२६ मे

मामा,

माझा.

केबिन उंच असते म्हणून आम्ही स्टूल आणून ठेवलं होतं. ड्रायव्हरला सीटवर बसलेला असताना ओवाळायचं, फोटो चांगला येतो, हे आधीच ठरलं होतं. बंब दिसला तशी नितेशने ढोलवाल्यांना खूण केली, बायका गाडीपुढे गेल्या आणि मी स्टुलावर चढले. हार आधी नितेशने घातला. मी कुंकू लावलं. तो मान हलवत होता, त्यामुळे ते नाकावर सांडलं. तीनदा ओवाळलं.

तो हाताने नको, बाजूला, असं करत होता. ते मी पाहिलं. मामा, मला वाटलं, लाजतोय. सत्काराला सगळेच आधी नको नको म्हणतात. नको म्हणणाऱ्याला आणखी आग्रह करायचा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. पाहुणा जेवढं नको म्हणतो तेवढं वाढायचं. त्याचं तोंड उघडं होतं. तो ओरडत होता म्हणून ते उघडं होतं, आणि उघडं होतं म्हणून मला पेढा भरवता आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने तो थुंकला, माझ्या साडीवर. मला राग आला. मी त्याला म्हटलं, "काय माणूस आहे हा!"

मग चाळीकडून माणिकची किंकाळी ऐकू आली.

थुंकल्याचं नितेशने कापलं. मी शेजारी बसले होते. मीच म्हटलं, इथपर्यंत ठेव. आणि तक्रारीत "जवानांनी हारतुरे स्वीकारण्यात वेळ दवडला" हे वाक्य माझं आहे. त्याचं मराठी चांगलं झालं म्हणून मला बरंही वाटलं होतं.

साडी धुतली. हात रोज धुते. आणि त्याच हाताने सरूबाईला भरवते, ती मला आशीर्वाद देते, आणि मी तो घेते. स्वतःची इतकी किळस येते की तुम्हालाही आता पत्र पाठवू नये असं वाटतं.

दिशा

---

कणकवली,
३१ मे

दिशा,

मला लिहून काय उपयोग? मी काय चौकशी अधिकारी आहे? इथे शेतातल्या मांगराच्या ओट्यावर बसून मी तुला माफ केलं काय नि न केलं काय, त्या पोराची गाडी त्याला परत मिळणार आहे का?

मी माझं पत्र मागे घेतलं आहे. तसं त्याच्या खात्याला रजिस्टर पोस्टाने कळवलं. प्रीतमला वेगळं पत्र घातलं. त्यात माफी मागितली. चार ओळी लिहायला दोन दिवस लागले.

पण मी काय बघितलं ते सांगू शकतो एवढंच. तिथे काय झालं हे सांगणारी तू आहेस. ढोल होता म्हणून कोणी ऐकलं नाही असं सगळे म्हणतील. स्टुलावर उभी असलेली बाई त्याच्या तोंडापासून हातभर होती.

किळस येते म्हणतेस ते चांगलं आहे. पण घरात बसून आलेल्या किळसेची मला आणखी किळस येते. सुनावणीला जा. आणि सरूबाईला सांग. तिला कोणीतरी खरं सांगायला हवं. ते नितेश सांगणार नाही.

लवूमामा

---

बोरीवली,
१५ जून

ती. मामांस सा. न.

सुनावणीला गेले. पथकाचे सहा जण होते, सगळे जाकीट घालून. मी साध्या कपड्यांत गेले तेव्हाच नितेशला कळलं असावं. दाराशी म्हणाला, "दिशा, वाट लावू नकोस यार. लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मी त्याला म्हटलं, तोंडाचंच तर सांगायला आलेय.

सगळं सांगितलं. स्टूल, कुंकू, पेढा, थुंकणं, व्हिडिओ कोणी कुठे कापला. पूर्ण व्हिडिओ माझ्या मोबाईलमध्ये होता, तो दिला. साहेबांनी विचारलं, "तो काय ओरडत होता ते तुम्हाला ऐकू आलं होतं का?" मी म्हटलं, "हो. ऐकू आलं होतं. मला ते खरं वाटलं नाही." टंकलेखकाने ते वाक्य पुन्हा विचारून घेतलं.

प्रीतम कोपऱ्यात बसला होता. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आठ दिवसांत निकाल आला, त्याला गाडी परत मिळाली. तुमचं पत्र त्याला पोचल्याचं तिथल्या शिपायाने सांगितलं. उत्तर येईल असं वाटत नाही.

पथकाने मला ग्रुपमधून काढलं. चषकांचा कार्यक्रम मात्र ठरल्याप्रमाणे झाला. नितेशने दोन आणले, एक माझ्या नावाचा. टीव्हीच्या बाजूला ठेवलाय. तो माझ्याशी बोलत नाही, आणि मला त्याच्याशी काय बोलावं सुचत नाही. जेवायला वाढते. तो नको म्हणाला की आग्रह करत नाही.

सरूबाईला काल सांगितलं. डबा उघडायच्या आधी. भात आणि सुरमईचं कालवण होतं, आगळ बरोबर पडलं होतं. मी खाली बसून सगळं बोलले, मध्ये एकदाही थांबले नाही. ती वर पंख्याकडे बघत होती. ढोल कशासाठी होता हे तिला आजवर माहीतच नव्हतं. तिला वाटलेलं, कुठलीतरी वरात अडली असेल. बंबालाच ओवाळत होते, हे तिला दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाली, "मी आत होते तवा तू त्याला ग्वाड भरवत होतीस?" मी म्हटलं, "हो."

मी घास केला, बारीक केला, पुढे नेला. तिने तोंड मिटून घेतलं. मी हात तसाच धरून थांबले. तिला शिव्या घालायच्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. तिने नुसता चेहरा भिंतीकडे वळवला आणि म्हणाली, "डबा ठेव आन् जा. माणिक भरवील मना."

माणिक साडेपाचला सुटते, मामा. मी डबा ठेवून निघाले तेव्हा सव्वा वाजला होता.

दिशा